महिपत खानविलकर यांनी वाचले

१० नोव्हेंबर, सोमवार

सोसायटीची सभा झाली. नीलकमल पाडायची, हे अखेर पक्कं. संक्रांतीच्या आत घरं रिकामी करून द्यायची. आमची तात्पुरती सोय मानपाडा रोडला, भाड्याच्या वन बीएचकेत. बिल्डरच्या माणसाने नव्या इमारतीचं चित्र दाखवलं. त्यात गच्चीवर पोहण्याचा तलाव आहे आणि तलावाकाठी एक गोरी बाई बसली आहे. आमच्या सोसायटीत अशी कोणी नाही.

घरी आल्या आल्या विनिताने विचारलं, "पुस्तकांचं काय?"

मी म्हटलं, "काय म्हणजे? पुस्तकं येणार. मी पुस्तकांशिवाय जगू शकत नाही."

"शेवटचं कुठलं उघडलंत?"

प्रश्न खोचक होता. तसं बोललोही. ती म्हणाली, खोचक नाही, साधा आहे. साध्या प्रश्नांना मी लगेच उत्तर देत नाही. ठाण्याच्या कचेरीत आयुष्य गेलं, तिथली सवय.

पण खरं सांगतो, पुस्तकं गेली तर माझं काही खरं नाही. घरात येणारा माणूस चपला काढता काढता माझ्या कपाटांकडे बघतो आणि आवाज आपोआप खाली आणतो. एकदा केबलवाल्यानेसुद्धा मला सर म्हटलं होतं. वन बीएचकेतल्या उघड्या भिंतीसमोर मला सर कोण म्हणणार?

१२ नोव्हेंबर, बुधवार

ऋजुता ठाण्याहून आली. आमची एकुलती एक मुलगी, जावई दिपेशबरोबर घोडबंदरला राहते, घरात एकही कागद ठेवत नाही. आल्या आल्या सुरू. "बाबा, सगळी देऊन टाका ना. एवढ्याशा घरात तुम्ही राहणार की पुस्तकं राहणार? सगळं फोनवर मिळतं आता."

माझा पारा चढला. मी म्हटलं, आधी बापाला देऊन टाक. त्यावर मायलेकी आत जाऊन बराच वेळ कुजबुजल्या. बाहेर येऊन विनिता म्हणाली, "मी मधला मार्ग काढते. पुस्तकांची नीट यादी करा. वाचलेली जातील, न वाचलेली येतील. वाचून झालेल्याचं काय करायचंय? आणि न वाचलेलं टाकायचं नाही. पटतंय का गं?"

ऋजुता म्हणाली, "पटलं. पण प्रॉमिस करा दोघांनी." केलं. विनिता हिशेबी आहे, पण तिच्या हिशेबात मला नेहमी काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. काय ते कळत नाही.

यादीसाठी ऋजुताने फोनवर एक ॲप टाकून दिलं. नाव फडताळ. पुस्तकाच्या मागच्या काळ्या रेघांवर फोन धरायचा, की नाव, लेखक, पानं सगळं आपोआप भरतं. विनिताच्या फोनवरही टाकलं आणि तिघांच्या याद्या एकमेकींना जोडल्या. तिला कशाला, कोण जाणे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

फडताळाचं मराठी कोणी केलंय त्याला एकदा भेटायचंय. 'पुस्तकाचा मणका कॅमेऱ्यासमोर सरळ धरा.' माझा स्वतःचा मणका सरळ राहत नाही, डॉक्टरने पट्टा दिलाय. मुखपृष्ठाला म्हणतात पांघरूण. दुसऱ्या खंडाला म्हणतात दुसरा आवाज. आणि पुस्तक उसनं नेणारा, तो कर्जदार.

तरी चिकाटीने बसलो. नव्या पुस्तकांचं ठीक चाललंय. जुन्यांना काळ्या रेघाच नाहीत, त्यांच्या पांघरुणाचा फोटो काढावा लागतो. 'लाटेआड दिवा' या कादंबरीचा काढला. वर दीपगृहाचं चित्र आहे. फडताळाने ओळखलं, 'मेणबत्ती निर्मिती, घरबसल्या उद्योग.' मी वैतागून मोठ्याने वाचून दाखवलं.

विनिता स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, ती दीपगृहवाल्याची गोष्ट. बायको होडीतून निघून जाते आणि तो दिवा लावायचा विसरतो, ती."

"तुला कसं माहीत?"

"मागे लिहिलंय."

मागे पाहिलं. मागे लेखकाचा फोटो आणि किंमत. आधीच्या आवृत्तीत लिहिलेलं असेल.

आणखी एक तक्रार. पुस्तकांत जागोजागी केसांच्या पिना सापडतात. एक नाही, दोन नाही, कुठलंही उघडा, मध्ये पिन. या बाईला वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय कधी लागणार? रागावलो तर म्हणते, "राहू द्या त्या तिथेच."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

विनिता मेजरटेप घेऊन भाड्याच्या घरी जाऊन आली. हॉलची मोठी भिंत मोजली. सोफा बसेल का बघितलं असणार. परवा तिने शिवणयंत्रही बहिणीकडे बदलापूरला पाठवून दिलं. ते यंत्र म्हणजे तिचा जीव की प्राण. मी म्हटलं, बरं झालं, जागा झाली. ती म्हणाली, "हो ना. जागा झाली."

स्वतःहून अडगळ काढतेय. मला आनंद वाटला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज आमच्या सुजाण वाचक मंडळाची बैठक. स्वप्नाताई गुप्ते चिटणीस झाल्यापासून मंडळात वारं संचारलंय. त्यांनी फर्मान काढलं, सगळ्यांनी फडताळावर यायचं आणि मंडळाच्या गटात नाव नोंदवायचं. कोणी काय वाचलं ते गटातल्या सगळ्यांना फोनवर टुणकन कळतं. सात डिसेंबरला ठाण्यात कार्यक्रम. ज्याची वाचलेली पुस्तकं सगळ्यांत जास्त, त्याला 'वाचनव्रती' म्हणून शाल आणि श्रीफळ. शिवाय मंडळ कल्याणला वाचनखोली काढतंय, तिच्यासाठी सभासदांनी पुस्तकं द्यावीत असंही आवाहन.

शाल कोणाला जाणार यावर सगळ्यांचे डोळे रोकडे सरांकडे. धम्मपाल रोकडे कल्याणच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. घरात जिन्यापासून पुस्तकं. मी तिथल्या तिथे त्यांचं फडताळ उघडून पाहिलं. आणि काय आश्चर्य! निम्मीच्या वर पुस्तकांपुढे सरळ लिहिलंय, 'वाचले नाही'. चारचौघांत! मी हळूच म्हटलं, "सर, एवढी घेऊन ठेवलीत आणि वाचली नाहीत?"

ते म्हणाले, "नाही ना, महिपतराव. काही तर दोनदा सुरू करून सोडलीत. समजतच नव्हती."

मला त्यांची दया आली. इतका शिकलेला माणूस आणि एवढं साधं धोरण नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

यादी पूर्ण. आता प्रत्येकापुढे 'वाचले' की 'वाचले नाही' ते भरायचं. डायरी कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. प्रामाणिकपणे भरायला बसलो आणि संध्याकाळपर्यंत वाचलेली निघाली अकरा. त्यातली तीन ऋजुताची दहावीची गाइडं, कारण तिचा अभ्यास मी घेतला होता. एक 'मूळव्याध: समज आणि गैरसमज'. ते मात्र मी अक्षर न् अक्षर वाचलंय, दोनदा.

अकरा! अहो, हे कसं शक्य आहे? प्रत्येक प्रदर्शनातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन कोण यायचं? रिक्षावाल्यांशी पिशव्यांवरून भांडणं कोणी केली?

मग शांतपणे विचार केला. वाचणं म्हणजे नेमकं काय? प्रस्तावना वाचली तर वाचलं धरायचं की नाही? लेखकाचं भाषण ऐकलं असेल तर? पुस्तक वीस वर्षं डोळ्यांसमोर असेल, त्याचं नाव झोपेतून उठवलं तरी सांगता येत असेल, त्यातली गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगितली असेल, तर ते वाचलेलं नाही असं कुठला न्यायाधीश म्हणेल? आणि गोष्टी मी सांगितल्यात! माझ्या तोंडून दीपगृहवाल्याची गोष्ट ऐकून आमच्या साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणजे मला ती माहीत होती. म्हणजे मी वाचलीच असणार.

खाली कोपऱ्यात एक बटण होतं, 'सर्व निवडा'. दाबलं.

फोनवर फुलं उधळली गेली. गटात टुणकन पडलं, 'महिपत खानविलकर यांनी सर्व पुस्तके वाचले.' व्याकरण चुकलंय, पण भावना पोचली. स्वप्नाताईंनी लिहिलं, 'दंडवत!' कोणीतरी सात नमस्कार टाकले. रोकडे सरांनी लिहिलं, 'वा! शब्दकोशाचे खंडसुद्धा?' मी उत्तर दिलं, 'तुकड्यातुकड्याने.'

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी विनिता तिचा फोन हातात घेऊन बराच वेळ खिडकीपाशी उभी होती.

"सगळी?" तिने विचारलं.

"सगळी."

"म्हणजे मग ठरल्याप्रमाणे..."

"हो गं, हो," मी म्हटलं. अभिनंदनाचे फोन येत होते, कोण ऐकतंय!

दुपारी आमटीत मीठ नव्हतं. वय झालं तिचं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज अंघोळ करताना डोक्यात प्रकाश पडला आणि साबण हातातून सुटला. वाचलेली जातील! मी सगळी वाचलीत! म्हणजे सगळी जातील!

ओल्या अंगाने बाहेर आलो. म्हटलं, "विनिता, ती अट रद्द."

"ऋजुताला प्रॉमिस केलंय दोघांनी. आणि स्वप्नाताईंना मी तुमच्या त्या बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी सांगून बसलेय, आमच्याकडची वाचून झालेली सगळी तुमच्या वाचनखोलीला. त्यांनी टेम्पोसुद्धा ठरवला, चौदा तारखेचा."

"अगं, पण मला विचारायचंस तरी!"

"एवढं काय त्यात? वाचली नाहीत म्हणा. दोनच शब्द आहेत. पुस्तकं राहतील."

दोनच शब्द म्हणे. आणि सात तारखेचं काय? 'वाचनव्रती' म्हणून माझं नाव छापून आलंय निमंत्रणावर. मी म्हटलं, "ते शक्य नाही."

ती पोळ्या लाटत राहिली. एवढ्या जोरात की पोळपाट सरकत होता. मला आता सगळं उमगलं. या बाईला पहिल्यापासून पुस्तकं अडगळच वाटत होती. चांगली संधी साधली तिने. मी मात्र संसारभर समजत होतो की तिला निदान माझ्या छंदाची कदर आहे.

१ डिसेंबर, सोमवार

तोडगा सापडला! फडताळात कर्जदाराची सोय आहे. पुस्तक कर्जाऊ गेलेलं असेल तर ते कोणाला देता येत नाही. मी माझी सगळी पुस्तकं मलाच कर्जाऊ दिली. पाच मिनिटांत गटात पडलं, 'महिपत खानविलकर हे महिपत खानविलकर यांचे कर्जदार आहेत.'

रोकडे सरांचा फोन आला. "महिपतराव, वसुलीला माणूस पाठवू का?" आणि फोनवर खो खो हसत सुटले. नंतर जरा थांबून म्हणाले, "काही अडचण आहे का? मोकळेपणाने बोला." मी म्हटलं, कसली अडचण? तांत्रिक बिघाड आहे. फोन ठेवला आणि सगळं कर्ज फेडून टाकलं.

विनिता हसली नाही. एरवी अशा गोष्टीला ती पदर तोंडाला लावून हसते.

७ डिसेंबर, रविवार

ठाण्याचा कार्यक्रम झाला. सभागृह भरलं होतं. रोकडे सर आले ते खांद्याला फुगलेली पिशवी लावून. काल सहा तारखेला शिवाजी पार्कला गेले होते, दरवर्षी जातात आणि चैत्यभूमीला अभिवादन करून झालं की तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवरून ओझं घेऊन येतात. माझ्या शेजारी बसून फडताळात एकेक चढवत होते आणि प्रत्येकापुढे, 'वाचले नाही', 'वाचले नाही', 'वाचले नाही'. न राहवून मी विचारलं, "सर, आधीची राहिलीत तर ही कशाला?"

ते म्हणाले, "आमच्या आजोबांना पाटीला हात लावू दिला नव्हता. मला न वाचलेलं पुस्तक घरात असलं की श्रीमंत वाटतं. अजून आहे, संपलेलं नाही."

मी त्यांच्या पिशवीत डोकावलो. तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

शाल मिळाली. श्रीफळ मिळालं. आणि मग स्वप्नाताई माइकवर म्हणाल्या, "खानविलकर काकांनी नुसती वाचली नाहीत, तर वाचून झालेली सगळीच्या सगळी पुस्तकं ते आपल्या वाचनखोलीला देत आहेत! येत्या रविवारी!" काय टाळ्या! लोक उभे राहिले. मला बोलायला सांगितलं. माइकसमोर उभा राहिलो आणि खरंच तोंडाशी आलं होतं की नको, नेऊ नका. पण शाल खांद्यावर होती. मी म्हटलं, "ज्ञान दिल्याने वाढतं." पुन्हा टाळ्या.

दुसऱ्या रांगेत विनिता बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. येताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, कार्यक्रम छान झाला, नाही? ती म्हणाली, "नारळ पिशवीत ठेवा, घरंगळतोय."

११ डिसेंबर, गुरुवार

हे कसं लिहावं कळत नाही, पण लिहिलं पाहिजे.

दुपारी बँकेत निघालो होतो. चष्मा राहिला म्हणून जिन्यातून परत वर आलो. दार नुसतं लोटलेलं होतं. विनिता कपाटासमोर खाली बसलेली. एकेक पुस्तक काढायची, उघडायची, पिन काढून मांडीवरच्या वाटीत टाकायची. लगेच मिटत नव्हती. थोडं वाचायची, मग मिटायची. आणि रडत होती. हुंदका नाही, काही नाही, नुसतं पाणी चाललेलं.

मी म्हटलं, "अगं, काय झालं?"

"पिना काढतेय. परक्या हातांत जायच्या."

"मग पिनांसाठी रडतेस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी कपाटाला टेकलो.

"तुम्ही आणलीत," ती म्हणाली. "पिशव्या भरभरून आणलीत, ते तुमचे उपकारच आहेत माझ्यावर. पण वाचली मी. तुमचा डबा गेला की दुपारचा कुकर लावेपर्यंत. ऋजुता लहान होती तेव्हा तिला मांडीवर घेऊन. कुकरची शिट्टी झाली की पिन घालायची आणि उठायचं."

"सगळी?"

"तुमच्यासारखी सगळी नाहीत. बरीच."

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"रोज बोलायची. रात्री जेवताना सांगायची ना, आज काय वाचलं ते? तुम्ही हूं हूं करायचात. मग रविवारी पाहुणे आले की तीच गोष्ट तुम्ही त्यांना सांगायचात. अगदी माझ्या शब्दांत. मला गंमत वाटायची. म्हटलं, चला, ऐकतात तरी."

दीपगृहवाला. साहेबांच्या डोळ्यांतलं पाणी.

"ऋजुता सगळीच घालवायला निघालेली," विनिता म्हणाली. "तिच्या तोंडाला कुलूप लागावं म्हणून मी ती अट घातली. वाचलेली जातील, न वाचलेली येतील. मला काय माहीत नव्हतं तुम्ही काय वाचलंय ते? म्हटलं, दहाबारा जातील, बाकीची राहतील. भिंत मोजून आले. शिवणयंत्र दिलं. आणि तुम्ही बसलात शाल घ्यायला."

"तू 'नाही' म्हणायचंस."

"माझ्याच तोंडाने दिलेला शब्द आहे. आणि नवऱ्याने काही वाचलेलं नाही, हे मी गावभर सांगत फिरू?"

मी तिथेच बसलो. तिला अडगळ वाटते म्हणून मी या डायरीत लिहून ठेवलंय. लाज वाटते आता ते पान बघायला. बँकेत गेलोच नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

काल दिवसभर धीर झाला नाही. उद्या टेम्पो. आज चहा झाल्यावर फोन घेऊन बसलो आणि विनिताला म्हटलं, "ये, इथे बस."

'सर्व निवडा' हे बटण फक्त 'वाचले' करायला आहे. उलटं करायला नाही. एकेक पुस्तक उघडून बदलावं लागतं, आणि एकेकाची बातमी गटात जाते. मंडळाच्या प्रत्येक सभासदाच्या फोनवर टुण्.

'महिपत खानविलकर यांनी मराठी शब्दकोश खंड पहिला वाचले नाही.' टुण्.

'महिपत खानविलकर यांनी मराठी शब्दकोश खंड दुसरा वाचले नाही.' टुण्.

'महिपत खानविलकर यांनी लाटेआड दिवा वाचले नाही.' टुण्.

पहिली दहापंधरा होईपर्यंत प्रत्येक टुण् ऐकून दचकत होतो. मग सवय झाली. प्रत्येकाच्या वेळी मी विचारायचो, "हे मी वाचलंय का गं?" आणि ती म्हणायची, "नाही. छान आहे पण." किंवा, "नाही. नका वाचू, शेवटी सगळे मरतात."

सहाच्या सुमारास स्वप्नाताईंचा फोन. आवाज एकदम दबका. "काका, तुमचं अकाउंट हॅक झालंय का हो? सारखं काहीतरी घाणेरडं येतंय. तुम्ही नुसतं हो म्हणा, मी गटात टाकते की हॅक झालंय. शाल तुम्हाला मिळाली ना? कोणाचं तरी काम असणार."

देवाशपथ सांगतो, माझ्या ओठांवर 'हो' आलं होतं. किती सोपं होतं! पुस्तकं गेली असती खरी, पण शाल राहिली असती, नाव राहिलं असतं, वर चार लोकांची सहानुभूती मिळाली असती. विनिता समोर बसली होती. तिला स्वप्नाताईंचं सगळं ऐकू येत होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, मुद्दाम बघत नव्हती. मांडीवरच्या पुस्तकाचा कोपरा बोटाने सरळ करत होती.

"नाही," मी म्हटलं. "हॅक नाही. मी वाचलेलीच नाहीत."

पलीकडून फोन दुसऱ्या कानाला लावल्याचा आवाज आला. मग, "सगळी?"

"अकरा सोडून. ती उद्या घेऊन जा."

"पण काका... शाल?"

"टेम्पोतच देतो. नारळाची मात्र परवा सोलकढी झाली."

फोन ठेवला तर विनिता पदर तोंडाला लावून हसत होती. डोळे पुसत होती आणि हसत होती. असं हसताना तिला मी बऱ्याच दिवसांनी बघितलं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. अहो, ठाण्याच्या सभागृहात सगळे उभे राहिले होते तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं.

पुन्हा कामाला लागलो. गटात आता कोणी काही लिहीत नव्हतं. फक्त रोकडे सरांनी लिहिलं, 'महिपतराव, या पक्षात स्वागत.' आणि थोड्या वेळाने आणखी एका सभासदाचं आलं, त्यांनीही स्वतःची तीन पुस्तकं गुपचूप 'वाचले नाही' केली होती. गुपचूप कसली, टुण् झालंच.

एका जाडजूड कादंबरीशी मी थांबलो. "ही मात्र वाचलीय. शपथेवर सांगतो. दवाखान्यात माझं हर्नियाचं झालं तेव्हा."

"शेवट सांगा."

"तो भाऊ गाव सोडतो आणि एस्टीत बसतो."

"तो पहिल्या भागाचा शेवट."

"दुसरा भाग आहे?"

"तुम्हीच आणलात, वरच्या फळीवर आहे. तिसराही आहे."

टुण्.

ऋजुताचा फोन आला, "बाबा, काय चाललंय? आईलाही नोटिफिकेशन, मलाही नोटिफिकेशन, दिपेशने फोन उशीखाली ठेवलाय." मी म्हटलं, ठरल्याप्रमाणे चाललंय. न वाचलेली येणार, प्रॉमिस आहे तुझं. ती म्हणाली, "आईला दे." दोघी बोलत बसल्या. मी आपलं माझं पुढे चालू ठेवलं.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी टेम्पो आला. मोठा, रिकामा, मागे दोऱ्या आणि ताडपत्री. तानाजी नावाचा ड्रायव्हर, कल्याणचा. स्वप्नाताई स्वतः आल्या नाहीत, बरं नाही म्हणे. मी खाली उतरलो, हातात एक पिशवी. अकरा पुस्तकं आणि वर घडी घालून शाल. विनिताही मागोमाग आली.

तानाजीने पिशवी घेतली, माझ्या मागे जिन्यात बघितलं, पुन्हा पिशवीकडे बघितलं. "काका, बाकीची? बाई तर बोललेल्या टेम्पो भरून हाय."

मी म्हटलं, "एवढीच वाचली."

त्याचा चेहरा एकदम पडला. पिशवी त्याने दोन्ही हातांनी धरली. "अरे देवा! काय झालं? आग लागलेली, का पाणी शिरलेलं घरात?"

माझ्या मागून विनिता पुढे झाली. गालातल्या गालात हसत म्हणाली, "नाही हो दादा, बाकीचीही वाचली. थोडक्यात वाचली."